ट्रान्सफॉर्मरचा सा

बियाण्याच्या गोदामामागं एक ट्रान्सफॉर्मर आहे,
जालन्याच्या एमआयडीसीत, दुसऱ्या गल्लीत.
चोवीस तास एकच स्वर धरून असतो.
पांढरी पाचच्या जरा वर, काळी चारच्या जरा खाली.
आमच्याकडं ट्यूनर नव्हता.
आम्ही त्यालाच सा मानलं.

रेणुकादासच्या गिटारची एक खुंटी
पकडीनं फिरवावी लागायची.
मुजम्मिल चुलत्याच्या बँडपार्टीत ताशा वाजवायचा,
म्हणून सुरुवातीला आमचं कुठलंही गाणं
नवरदेव घोड्यावर असल्यासारखं
चार पावलं चालून थांबायचं.
त्याची झांज मिलच्या भंगारातली,
वॉचमनला आठवडाभर माझा डबा खाऊ घालून
गेटाबाहेर काढलेली.

मी बेस.
म्हणजे रोलिंग मिलमध्ये फिटर, आणि उरल्या वेळात बेस.
डाव्या हाताची करंगळी मिलनं ठेवून घेतलीय.
बेसला करंगळी लागत नसते, रेणुकादास म्हणाला.
लागते. हे नंतर कळलं.

संबोधी एप्रिलात आली.
जयंतीच्या स्टेजवर तिचा माइक बंद पडला होता
आणि चौकाच्या पार त्या टोकाला, पंक्चरच्या दुकानापाशी,
मला शब्दन् शब्द ऐकू येत होता.
तिनं आधी विचारलं, "गोदामाची कडी आतून आहे का बाहेरून?"
मग विचारलं, "तुमच्यात गाणं लिहितं कोण?"
कुणीच लिहीत नव्हतं.
तिच्याकडं वही होती.

नाव मी सुचवलं : तिसरी पाळी.
मला रात्री बाराचा भोंगा म्हणायचा होता.
मुजम्मिल वर पत्र्याकडं बघायला लागला.
संबोधी हसत सुटली, हसता हसता
ज्वारीच्या थप्पीला टेकली, म्हणाली, "हेच ठेवा.
पोस्टरवर मोठ्ठं लिहा. बघू, वाचायला कोण लाजतंय."
उठली तेव्हा तिच्या पाठीला
बियाण्याचं गुलाबी औषध लागलेलं.
ते तारांनाही लागायचं. बोटांनाही.
जेवायच्या आधी दोनदा हात धुवायचो.

पहिला कार्यक्रम अंबडला, गॅदरिंगमध्ये,
फॅन्सी ड्रेस आणि बक्षीस वाटपाच्या मधे.
दुसरं गाणं संपलं तशी प्राचार्यांची चिठ्ठी आली :
'आवाजाची तपासणी झाली असल्यास कार्यक्रम सुरू करावा.'

मंठ्याला एकवीसशे रुपये आणि नारळ मिळाला.
नारळ खाल्ला. पैशाच्या तारा आल्या.

मग मोबाइल पोत्यावर ठेवून तीन गाणी भरली.
तिसऱ्यात एक ट्रक रिव्हर्स येतो.
ट्रक काढायचा म्हणजे संबोधीची ओळ काढायची.
ट्रक राहू दिला.
तो ऐकूनच बहुतेक
पुण्याहून फोन आला.

रात्रभर बस. झांज माझ्या मांडीवर.
तळघरातला हॉल, भिंतींना फोम,
सत्तरेक लोक हाताची घडी घालून.
"जालन्याहून आलेत," निवेदक म्हणाला.
"स्टील!" मागून कुणीतरी.
आम्ही वाजवायला वाकलो आणि
सा सापडेना.
इतकी शांतता मी कधी ऐकलीच नव्हती.
चौघांनी एकदमच मागं वळून बघितलं,
जिथं गोदामात ट्रान्सफॉर्मर असतो तिथं.
तिथं शीतपेयाचा फ्रिज होता, बंद.

संबोधीनं डोळे मिटले. ओठ मिटले.
आणि छातीतून तो स्वर काढला,
जरा वर, जरा खाली, बरोब्बर तोच.
आम्ही तिच्यावर तारा लावल्या.
साउंडवाला म्हणाला, "तुम्ही सगळे सारखेच बेसूर आहात."
मग म्हणाला, "चालू द्या."

पुढच्या मे महिन्यात ट्रान्सफॉर्मर जळाला.
बारा दिवसांनी नवा बसला. रंग वेगळा,
स्वर तोच.
मी खांबाखाली उभा राहून वायरमनला विचारलं, असं कसं.
तो वरूनच बोलला,
"अख्ख्या देशात हाच आवाज असतोय, बाबा. लाइनच तशी आहे."

म्हणजे पुण्यातही तो होता,
फोमच्या पलीकडं, रस्त्यावर कुठंतरी, आमची वाट बघत.

संबोधीला हे अजून सांगितलं नाही.